सुटी ठरवावी लागते



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा आम्ही ‘सुटी’ असे सांगितले. त्यावर एक चालक हसून म्हणाले, “युनियनचा माणूस कामाबद्दल बोलेल असे वाटले होते.” आम्ही त्यांना म्हटले, “आम्ही कामाबद्दलच बोलणार आहोत. ज्याला काम आहे त्यालाच सुटी असते. आणि ज्याची सुटी दुसऱ्याच्या मर्जीवर, त्याचे कामही दुसऱ्याच्या मर्जीवर.”

आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत झाले. पुढचे जे काही शिकलो ते वाचनालयात, मागाच्या खडखडाटात आणि युनियनच्या कचेरीत. तेव्हा भाषणात काही उणे-अधिक निघाले, तर ते आपण पदरात घ्यावे.

न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, आणि ती प्रथा महाराष्ट्रात गावोगाव गेली. आज ती आपल्या खारबावातही आहे, ही आनंदाची गोष्ट. पण आपण एकदा या सभेकडे नजर टाका. शिक्षक आले आहेत, बँकेतली मंडळी आहेत, निवृत्त गृहस्थ आहेत, दुकान थोडे लवकर बंद करून आलेले व्यापारी आहेत. ज्याची आज रात्रपाळी आहे तो मात्र इथे नाही. गुदामात पार्सले बांधणारी मुलगी इथे नाही. त्यांना व्याख्यानाची आवड नाही असे नव्हे. त्यांची संध्याकाळ त्यांच्या हातात नाही.

आता मूळ विषयाकडे येतो. आपल्या घरोघरी भिंतीवर कालनिर्णय असते. १९७३ साली ते निघाले, तेव्हापासून नवे वर्ष आले की पहिले काम म्हणजे लाल आकडे मोजणे. कोणता सण रविवारी बुडाला, कोणता सोमवारी येऊन रविवारला जोडला गेला, याची चर्चा घरात होते. २०२६ सालचे पाहा. २६ जानेवारी सोमवारी, १ मे शुक्रवारी, २ ऑक्टोबर शुक्रवारी. ज्याला शनिवार-रविवार सुटी, त्याला तीन-तीन दिवसांची जोडसुटी मिळाली. पण १५ ऑगस्ट शनिवारी, म्हणजे तो बुडाला. १ मे रोजीच बुद्धपौर्णिमा, म्हणजे दोन लाल आकडे एका चौकोनात. अशी ही बेरीज-वजाबाकी.

पण हा लाल आकडा नेमका कोणासाठी छापलेला असतो, हे आपण क्वचितच विचारतो. सरकार ज्या सार्वजनिक सुट्या जाहीर करते, त्या १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाखाली. हा कायदा हुंड्या, धनादेश आणि वचनचिठ्ठ्या यांचा आहे. हुंडीची मुदत सुटीच्या दिवशी भरली तर ती कोणत्या दिवशी देय धरावी, हा व्यापाऱ्यांचा प्रश्न त्यात सोडवलेला आहे. आणि त्यासाठी सार्वजनिक सुटी म्हणजे काय हे सांगितलेले आहे. या यादीने बँका बंद राहतात, सरकारी कचेऱ्या बंद राहतात. पण यंत्रमागाच्या कारखान्यात किंवा माणकोली-राहनाळच्या गुदामात काम करणाऱ्याला त्या यादीने आपोआप काहीही मिळत नाही. आमच्याकडे नवा कामगार येतो आणि म्हणतो, “साहेब, कॅलेंडरात सुटी आहे आणि शेटने खाडा लावला.” त्याला समजावून सांगावे लागते की बाबा, ते कॅलेंडर हुंडीचे आहे, तुझे नव्हे. तुझे कॅलेंडर तुला वेगळे लिहून घ्यावे लागते.

ही गोष्ट ज्याने पहिल्यांदा ओळखली तो माणूस आपल्या ठाण्यात जन्मलेला होता. नारायण मेघाजी लोखंडे हे त्यांचे नाव. जन्म १८४८ चा. जोतीराव फुल्यांचे ते सहकारी आणि ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक. त्या काळी मुंबईच्या गिरण्या उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत चालत, आणि आठवड्याची ठरलेली अशी सुटी नव्हती. लोखंड्यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये परळला कामगारांच्या सभा भरवल्या. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. त्यात पहिली मागणी होती आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुटीची. शिवाय दुपारी अर्धा तास विश्रांती आणि ठरलेल्या तारखेच्या आत पगार. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत स्त्री-कामगारही बोलल्या. अखेर १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली, आणि १८९१ च्या कायद्याने आठवड्याच्या सुटीला आधार दिला.

आज रविवारी सकाळी आपण चहाचा दुसरा कप घेतो, तो त्या सहा वर्षांच्या खटपटीतून आलेला आहे. आणि लोखंडे यांनी केलेली मागणी नीट वाचा. “आम्हांला थकवा आला की सुटी द्या” असे ते म्हणाले नाहीत. ते म्हणाले, वार ठरवा. कारण वार ठरला की माणूस त्या दिवसाचे काही योजू शकतो. मुलीला पाहायला जाऊ शकतो, घराचे कौल बदलू शकतो, सभेला जाऊ शकतो. मालकाने ऐनवेळी “आज सूत आले नाही, घरी जा” म्हणून दिलेला दिवस ही सुटी नव्हे, ती बेकारी. दोन्ही दिवशी माग बंदच असतो, पण एक दिवस माणसाचा असतो आणि दुसरा कोणाचाच नसतो.

लोखंड्यांनंतर कायदे झाले. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टाने आठवड्याची सुटी पक्की केली आणि भरपगारी रजा दिली: वर्षात २४० दिवस काम केले तर दर वीस दिवसांमागे एक दिवस. २०२० च्या नव्या संहितेत ही अट १८० दिवसांवर आणलेली आहे, आणि त्या संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. नव्या संहितांबद्दल युनियनवाल्यांच्या तक्रारी पुष्कळ आहेत, त्या दुसऱ्या एखाद्या व्याख्यानात सांगू. पण ही एक कलम चांगली आहे, ते चांगले म्हणावे.

दुकाने, हॉटेले, कचेऱ्या यांच्यासाठी महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा आहे. त्याला कामगारसंख्येची अट आहे. त्यात सणांच्या आठ भरपगारी सुट्या सांगितल्या आहेत. चार सुट्या कायद्यानेच ठरवून दिल्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. उरलेल्या चार कोणत्या, ते मालक आणि कामगार यांनी स्थानिक चालीरीती पाहून, वर्ष सुरू होण्यापूर्वी, आपसांत ठरवायचे. त्या दिवशी कामाला बोलावले तर दुप्पट पगार आणि शिवाय बदली सुटी.

“वर्ष सुरू होण्यापूर्वी” आणि “आपसांत” या दोन शब्दांत आमचे आजचे सगळे व्याख्यान आहे. कायद्याने चार जागा कोऱ्या ठेवल्या आणि म्हटले, तुम्ही बसा, बोला, भरा. पण आम्ही शंभर ठिकाणी हिंडलो असू; ही चार नावे बसून ठरवलेली ठिकाणे बोटांवर मोजण्याइतकी. बाकी ठिकाणी मालक आपल्या घरचे सण लिहितो आणि कागद भिंतीला चिकटवतो.

आता मालकालाच दोष देऊन आम्ही मोकळे होणार नाही, कारण हीच चूक आम्ही स्वतः केलेली आहे. ती आज इथे सांगायची असे ठरवूनच आलो आहोत.

पुष्कळ वर्षे झाली. भिवंडीतल्या एका कारखान्यात, त्याचे नाव घेत नाही, आम्ही दिवाळीच्या सुटीचा समझोता केला. चांगला झगडून केला. वसुबारसेला माग बंद, भाऊबिजेनंतर दुसऱ्या दिवशी माग सुरू. आमच्या कार्यकर्त्यांत बहुतेक इकडचेच लोक, आगरी, कुणबी, घाटावरचे. सर्वांनी पेढे खाल्ले. त्या कारखान्यातले निम्मे मागकामगार पूर्वांचलातले आणि बिहारातले होते. त्यांचा मोठा सण छठ. तो येतो लक्ष्मीपूजनानंतर सहा दिवसांनी. आणि गावाला जायला दीड दिवस, यायला दीड दिवस. म्हणजे आम्ही झगडून मिळवलेली सुटी त्यांच्या सणाच्या आधीच संपत होती. त्यांच्यातले दोघे-तिघे बिचकत आमच्याकडे आले. आम्ही सांगितले, आता सही झाली, पुढच्या वर्षी पाहू.

त्यांतले सातजण परवानगीशिवाय गेले. परत आले तेव्हा चौघांच्या मागांवर दुसरी माणसे उभी होती. मालक म्हणाला, समझोता तुमच्याच युनियनने केला आहे. आम्ही मालकाशी भांडायला गेलो, आणि बोलता बोलता आमच्याच सहीवर अडखळलो. बाहेर आल्यावर त्या चौघांपैकी एकजण, वयाने आमच्याएवढाच, रागावला नाही, ओरडला नाही. त्याने एवढेच विचारले, “भाई, कागज़ पर दस्तख़त करने से पहले हमसे पूछा था?”

त्यांच्यापैकी दोघांना आम्ही पुन्हा कामावर चढवू शकलो. एकजण सुरतेला गेला. ज्याने प्रश्न विचारला तो एका गुदामात ओझी उचलायला लागला. पुढे दिसला की रामराम करायचा. पण युनियनच्या कचेरीची पायरी तो पुन्हा चढला नाही. लोखंड्यांचे चरित्र आम्हांला पाठ होते, आणि शेजारच्या मागावरच्या माणसाचा सण कधी येतो हे माहीत नव्हते. असो.

त्यानंतर आम्ही एक रीत घालून घेतली. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पाळी सुटताना दारात उभे राहायचे आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा: वर्षात तुला न चुकवता येणारे दिवस कोणते? उत्तरे ऐकून आपले गाव किती मोठे आहे हे कळते. कोणी म्हणतो गौरी-गणपती. कोणी म्हणतो चैत्रातली एकवीरा, कोणी वज्रेश्वरीची जत्रा. कोणी ईद, कोणी १४ एप्रिल, कोणी होळी, तेलंगणातला पद्मशाली विणकर म्हणतो बतुकम्मा. एका बाईने सांगितले, “मला सण नको, जूनमध्ये शाळा उघडते त्या दिवशी पोराला सोडायला जाऊ द्या.” तिची मागणी आम्ही यादीत पहिली लिहिली.

एवढे सण आणि जागा चारच, मग भांडण होईल, असे आपण म्हणाल. थोडे होते. पण विचारल्यावर माणसे सोडायलाही तयार होतात, हा आमचा अनुभव आहे. सर्वांना माहीत असलेले उदाहरण देतो. २०२३ साली अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली. मुसलमान बांधवांनी आपला जुलूस एक दिवस पुढे नेण्याची तयारी दाखवली, आणि महाराष्ट्र सरकारने ईदची सुटी २९ सप्टेंबरला दिली. भिवंडीसारख्या गावाला या एका दिवसाच्या सरकण्याचे मोल किती, हे या सभेत आम्ही सांगायला नको. राज्याच्या पातळीवर जे जमले ते पन्नास मागांच्या कारखान्यात का जमू नये? अर्धे लोक ईदला सुटी घेतील आणि अर्धे छठला. एकजण दुसऱ्याचा माग सांभाळील. पण हे सप्टेंबरात सुचून उपयोग नाही. डिसेंबरात सुचले पाहिजे.

आता प्रवासाकडे वळू. सुटी मिळाली, पण गाडी मिळाली नाही, तर ती सुटी फलाटावर जाते. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण १२० दिवसांऐवजी ६० दिवस आधी सुरू होते. हिशेब करून पाहा. २०२६ सालचे लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. ६ नोव्हेंबरच्या गाडीचे आरक्षण ७ सप्टेंबरला उघडणार, आणि गणपती १४ सप्टेंबरला. म्हणजे गणपती बसण्यापूर्वीच दिवाळीचे तिकीट. ज्याला आपली रजा मंजूर आहे की नाही हे ऑक्टोबरअखेर कळते, तो तिकीट काय काढणार? तो अनारक्षित डब्याच्या रांगेत उभा राहणार.

२७ ऑक्टोबर २०२४ ची पहाट आपण विसरू नये. वांद्रे टर्मिनसवर गोरखपूरला जाणाऱ्या अनारक्षित गाडीत चढण्यासाठी दिवाळी-छठची गर्दी लोटली आणि चेंगराचेंगरी झाली. माणसे जखमी झाली. वर्तमानपत्रांनी फलाटाबद्दल लिहिले, गाड्यांच्या संख्येबद्दल लिहिले, ते योग्यच होते. गाड्या वाढल्याच पाहिजेत. पण त्या गर्दीचे मूळ कारखान्यातही आहे. सगळ्यांना एकाच दिवशी, आणि तेही शेवटच्या आठवड्यात “जा” म्हटले, की ती माणसे एकाच फलाटावर येणार.

आपल्या खारबाव स्टेशनाचेच पाहा ना. वसई-दिवा मार्गावर मोजक्या मेमू गाड्या. एक चुकली की पुढचीची किती वाट पाहायची हे आपल्याला ठाऊक आहे. मुंबईकराला गाडी चुकल्याचे दुःख पाच मिनिटांचे. आपले अर्ध्या दिवसाचे. म्हणून खारबावच्या माणसाला आधी ठरवणे काय असते हे शिकवावे लागत नाही.

मग रजेचा हिशेब घरात कसा ठेवावा? आमची रीत साधी आहे. एका वहीच्या पानावर तीन रकाने पाडावे. पहिल्यात ठरलेल्या सुट्या. त्यांना कोणी हात लावू शकत नाही. दुसऱ्यात आपली कमावलेली भरपगारी रजा. तिसऱ्यात अचानक येणारे दिवस, म्हणजे आजारपण, मयत, पाण्याने तुंबलेला रस्ता. पुष्कळ मंडळी पहिल्या दोन रकान्यांतले दिवस जोडसुटीच्या मोहात फेब्रुवारी-मार्चमध्येच संपवतात, आणि मग जुलैत आई आजारी पडली की बिनपगारी बसतात. आमचे सांगणे असे की तिसऱ्या रकान्यासाठी निदान चार-पाच दिवस दिवाळीपर्यंत शिल्लक ठेवावे. दुसरे, अर्ज लेखी द्यावा. फॅक्टरी ॲक्टात रजेचा अर्ज पंधरा दिवस आधी देण्याची रीत होती. कायदा कोणताही असो, ही सवय सोडू नये. तोंडी मागितलेली रजा मुकादमाच्या आठवणीत राहते, आणि मुकादमाची आठवण फार थोडी असते.

आता दोन आक्षेपांना उत्तर देतो.

पहिला आक्षेप असा की आपल्या देशात सुट्या आधीच फार आहेत. मुंबई उच्च न्यायालयानेही जानेवारी २०२२ मध्ये, दादरा-नगर हवेलीच्या मुक्तिदिनाच्या सुटीचा अर्ज आला तेव्हा म्हटले होते की सार्वजनिक सुटी हा मूलभूत हक्क नाही, आणि सुट्या वाढवण्यापेक्षा कमी करण्याची वेळ आली असावी. आम्ही या मताचा अनादर करत नाही. पण सुट्या कोणाला फार आहेत? सरकारी नोकराला २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा झाला, शिवाय सार्वजनिक सुट्यांची यादी. त्याचा आम्हांला हेवा नाही. पण बारा तासांच्या पाळीवर, मीटरच्या हिशेबाने कापड विणणाऱ्याला माग बंद म्हणजे मजुरी बंद. त्याच्या दृष्टीने लाल आकडा हा दंड आहे. म्हणून आमची मागणी सुट्या वाढवा अशी नाही. आहेत त्या भरपगारी करा, आणि त्या वाटून द्या.

ते जमत नाही असे कोणी म्हणेल, तर माथाडींकडे पाहावे. हमालाला एक मालक नसतो, आज या पेढीवर, उद्या त्या गोडाऊनला. त्याला भरपगारी सुटी कोण देणार? अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून १९६९ साली माथाडी कायदा झाला. नोंदलेल्या हमालाच्या मजुरीवर मालकाने लेव्ही भरायची, ती मंडळात जमा व्हायची, आणि त्यातून सुट्या, रजा, भविष्यनिर्वाह निधी द्यायचा. ज्याला मालकच ठरलेला नाही त्याची सुटी जर ठरवता येते, तर ज्याचा मालक रोज समोर बसतो त्याची का ठरवता येऊ नये?

दुसरा आक्षेप छोट्या मालकाचा, आणि तो आम्ही मनापासून ऐकतो. बारा-सोळा माग, सूत उधारीचे, व्यापारी तारखेला तागे मागतो, आणि ऐन हंगामात चार माणसे गावी गेली की माग उभे. खरे आहे. पण शेट, आपले नुकसान माणूस गेल्याने होते की तो जाणार हे न कळल्याने होते? तीन महिने आधी तारीख कळली, तर बीम त्या बेताने चढवता येते, सायझिंगला माल त्या बेताने पाठवता येतो, व्यापाऱ्याला वायदा त्या बेताने देता येतो. ठरलेली सुटी ही मालकाचीही सोय आहे.

आणि या सभेतल्या आपल्यासारख्या मंडळींना एक विनंती. आपल्या सुटीत कोणीतरी कामावर असतो. आपण गावाला निघता तेव्हा एसटीचा चालक कामावर असतो, मोटरमन असतो, रुग्णालयातली परिचारिका असते, दिवाळीच्या आदल्या रात्री मागवलेले पार्सल भरणारी मुलगी आपल्याच तालुक्यातल्या गुदामात उभी असते. त्यांची सुटी आपण देऊ शकत नाही. पण खरेदी आठ दिवस आधी केली तर तिच्यावरचे ओझे थोडे उतरते. आपल्या घरी काम करणाऱ्या बाईला, तुझा सण कोणता, एवढे तरी जानेवारीत विचारा.

शेवटची गोष्ट राष्ट्रीय सणांची. मतदानाच्या दिवशी भरपगारी सुटी द्यावी असे लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्यात आहे. भिवंडी लोकसभेचे मतदान २० मे २०२४ ला सोमवारी झाले, शनिवार-रविवारला जोडून. त्याच वर्षी विधानसभेसाठी मुद्दाम बुधवार निवडला गेला, म्हणजे शहरी मतदार जोडसुटी साधून बाहेरगावी जाऊ नये. सुटी कोणत्या वारी द्यावी याचा विचार निवडणूक आयोगालाही करावा लागतो! पण जो मतदानाला जाऊ न शकता मागावर उभा होता, त्याच्यासाठी सोमवार काय आणि बुधवार काय? १५ ऑगस्टला सकाळी आठला झेंडा आणि नऊला माग सुरू, असे आम्ही कित्येक वर्षे पाहिले. स्वातंत्र्याचा दिवस ज्याला स्वतःचा म्हणून मिळत नाही, त्याला आपण भाषणातून स्वातंत्र्य काय सांगणार?

म्हणून येत्या डिसेंबरात आपापल्या दुकानात, कारखान्यात, कचेरीत एक तास बसा. सर्वांना विचारा, विशेषतः जो मागे उभा राहतो त्याला. चार नावे ठरवा, कागदावर लिहा, दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या, आणि तो कागद दिसेल असा लावा. पुढच्या वसंतात या सभागृहात रात्रपाळीची दहा माणसे जरी रजा टाकून येऊन बसली, तरी आम्हांला बोलावल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.

 आता आम्हीही आपली रजा घेतो. आणि ती मात्र अर्ज न करता.